जिथे मुंग्यांचं वारूळ नव्हतं

गॅरेट कुबेनाला क्वार्टरबॅकच्या जागेवरून काढलं. चार मतं होती, चारही त्याच्या विरुद्ध पडली, आणि त्यातलं एक त्याच्या आईचं होतं.

आता हे घडलंच नाही असं धरून पुढे चालावं, कारण ओर्साक घराणं त्या संध्याकाळपासून तसंच धरून चाललं आहे. होराक क्रॉसिंगमध्ये कुणालाही विचारा. एमिल ओर्साक सांगतील की कसलं मत, आम्ही डॉमिनो खेळत होतो. त्यांचा मुलगा लॅड, म्हणजे संघाचा कोच, सांगेल की बाबांना विचारा. तेव्हा आपल्याला एवढंच माहीत आहे: गुरुवार होता, शुक्रवारी सामना होता, चर्चच्या हॉलमध्ये संघाचं जेवण होतं आणि गॅरेट अजून क्वार्टरबॅक होता.

आमच्या शाळेत अकरा मुलांचा संघ कधी उभा राहिलाच नाही, म्हणून टेक्सासातल्या सगळ्या आडगावांसारखं आम्हीही सहा जणांचं फुटबॉल खेळतो. संघात मुलं सात. सहा मैदानात, आणि सातव्याच्या खांद्याचं हाड मोडलेलं असल्यामुळे बाक रिकामा दिसू नये एवढ्यासाठी त्याला बसवलेलं. या सहांत बॉल फेकायचं, म्हणजे क्वार्टरबॅकचं, काम गॅरेटचं, आणि या मोसमात त्याने फेकलेला बॉल आपल्या कुणाच्याही हातात पडत नव्हता.

उपाय सगळे झाले होते. डोळे तपासले, डॉक्टर म्हणाले, याला माझ्या भिंतीवरच्या पाटीखालचं छापखान्याचं नावसुद्धा वाचता येतं. खाटकाच्या तराजूवर बॉल वजन करून पाहिला. नवे बूट आणले. फादर रोमन यांनी त्याच्या कोपराला आशीर्वाद दिला. कोपर मुळात ठणठणीत होतं, ते आणखी ठणठणीत झालं. एमिलनी वाऱ्यावर संशय घेऊन खांबाला फडकं बांधलं. वारा निर्दोष निघाला.

खरं कारण हॉलमध्ये सॉसेज वाढून घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. बॉल चुकत नव्हता. मैदानाच्या उत्तरेच्या टोकाला, उजव्या कडेला, तो दर वेळी एकाच जागी पडत होता, आणि ती जागा कोल्बीची होती. कोल्बी गॅरेटचा धाकटा भाऊ. घरामागच्या कुरणात दोघं चालायला लागल्यापासून हा फेकायचा आणि तो पळायचा. कोल्बी इतका वेगात पळायचा की गॅरेट बघत नसे. हात मागे न्यायचा, सोडायचा, बॉल उतरायच्या वेळी तिथे कोल्बी असायचाच. एप्रिलमध्ये ओढ्याच्या बुटक्या पुलावरून पाणी वाहत होतं आणि कोल्बीला वाटलं, गाडी निघेल. आता सप्टेंबर संपत आला होता. गॅरेट अजूनही बघत नव्हता.

*

डॉमिनोचं टेबल हॉलच्या कोपऱ्यात, पंख्याखाली. घरातल्या अवघड गोष्टी याच टेबलावर बोलायच्या असा एमिलचा नियम होता, कारण हातात सोंगट्या असताना माणूस उठून जाऊ शकत नाही. अध्यक्षही तेच, शाळेच्या मंडळाचे आणि टेबलाचेही. त्यांच्या समोर त्यांची भिडू म्हणून व्हेल्मा, त्यांची मुलगी, गॅरेटची आई. तिच्या उजवीकडे लॅड आणि लॅडच्या समोर त्याची बायको अर्लीन. व्हेल्माचा नवरा तेलविहिरींवर होता. तो पंधरा दिवस तिकडे आणि पंधरा दिवस इकडे असायचा. एप्रिलपासून बहुतेक तिकडेच.

"तीस," एमिलनी बोली लावली.

"पास," लॅड म्हणाला. "बाबा, उद्याचं बोलायला हवं."

"बोल. आधी एकतीस म्हणायचं असेल तर ते म्हण."

"पास म्हणालो ना."

"मग बोल."

लॅड शाळेत इतिहास शिकवायचा. कुठल्या लढाईत कोण का हरलं हे तो मुलांना पन्नास मिनिटांत समजावून देऊ शके, पण अंत्यविधीनंतर त्याने भाच्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. सरावात तो 'उजव्या कडेचा माणूस' म्हणायचा. आता त्या जागी त्याचाच मुलगा टकर पळत होता, तरी तो टकरलाही 'उजव्या कडेचा माणूस' म्हणायचा. टकरला वाटे, बाबांना आपलं नाव आठवत नाही.

"उजव्या बाजूला फेकणं बंद करू," लॅड म्हणाला. "नुसतं पळत खेळू."

"मग क्वार्टरबॅक कशाला हवा?" एमिल म्हणाले. "बॉल टपालाने पाठव."

"त्याला अजून एक सामना द्या," व्हेल्मा म्हणाली. हे ती दर गुरुवारी म्हणायची. "एकच."

"ताई, मागच्या आठवड्यात त्याने जो फेकला ना," अर्लीन म्हणाली, "तो समोरच्या संघाच्या मुलाने पकडला आणि गॅरेटला येऊन परत दिला. हातात. जिंकत असताना. त्या मुलाला वाईट वाटलं, ताई. आपण इथवर आलोय."

व्हेल्माने सोंगटी टेबलावर जरा जास्तच जोरात ठेवली. "टकरला जागा हवी आहे, असं सरळ म्हण ना."

"टकरला?" अर्लीनने नवऱ्याकडे पाहिलं. टेबलावर भिडूकडे बघायचं नसतं, म्हणून त्याने पंख्याकडे पाहिलं. "माझा मुलगा लग्नात तांदूळ टाकतो ते पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांवर पडतात. त्याला कसली जागा?"

"मग तुझं काय अडलंय?"

"तो रोज संध्याकाळी खडीच्या रस्त्यावर धावतो. कुत्र्याला घेऊन. कुत्रं दमून परत येतं, हा येत नाही. मग न्हाणीघरात ओकतो आणि मला सांगतो की दुपारचं जेवण बाधलं. त्याला वाटतं चूक त्याची आहे, ताई. त्याला वाटतं अजून थोडा जोर लावला की तो तिथे पोचेल."

 एमिलनी पुढची सोंगटी टाकली. ती चुकीची होती, आणि पहिल्यांदाच कुणी त्यांना तसं सांगितलं नाही.

"कॉफी," व्हेल्मा म्हणाली आणि उठली.

"हातात सोंगट्या आहेत," एमिल म्हणाले.

तिने त्या पालथ्या ठेवल्या आणि गेली. नियम असा मोडता येतो हे इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं.

*

स्वयंपाकघरात कोलाच्यांचे, म्हणजे मधे सारण भरलेल्या गोड पावांचे, ट्रे ओळीने मांडले होते. व्हेल्माने एकावरचं फडकं काढलं. खसखस, जर्दाळू, चीज. कडेला आलुबुखारचे, वेगळे, एकमेकांना चिकटलेले.

अर्लीन मागून आली.

"हे कुणासाठी?" व्हेल्माने विचारलं.

"थोडं सारण उरलं होतं."

"दर गुरुवारी उरतं?"

अर्लीन कॉफीचे पेले शोधायला लागली. पेले तिच्या नाकासमोर होते. आलुबुखारचे कोलाचे सगळ्या कुटुंबात एकालाच आवडायचे. बाकीच्यांचं मत होतं की ते औषधासारखे लागतात, आणि तो म्हणायचा, म्हणूनच मला पुरतात.

"मग नंतर त्यांचं काय करतेस?"

"डुकरांना घालते." जरा थांबून ती म्हणाली, "घालत नाही. फ्रीझरमध्ये आहेत. आता हरणाचं मटण ठेवायला जागा नाही. लॅड विचारतो, मी म्हणते यंत्र बिघडलंय. त्याने दोनदा दुरुस्तीवाल्याला बोलावलं."

व्हेल्माला हसू आलं. एप्रिलपासून तिला हसू यायचं ते असं अर्ध्यावर येऊन थांबायचं, शिंकेसारखं. तिने एक आलुबुखारचा उचलला, तोडला आणि अर्धा अर्लीनला दिला. दोघींनी खाल्ला. तो खरंच औषधासारखा लागत होता.

"मी सामन्याला का येते सांगू?" व्हेल्मा म्हणाली. "कोण जिंकतंय मला कळत नाही. गेल्या शुक्रवारी मी दुसऱ्यांच्या बाजूला बसले होते, मध्यांतरापर्यंत लक्षात आलं नाही."

"आम्ही पाहिलं. आम्हाला वाटलं तू आमच्यावर रागावली आहेस."

"मी त्या एका फेकीसाठी येते. गॅरेटचा हात मागे गेला की मी बॉलकडे बघतच नाही. मी खाली बघते, त्या कडेला. बॉल हवेत असतो तेवढा वेळ..." तिने बोटावरची साखर पुसली. "बॉल हवेत असतो तेवढा वेळ तो खाली धावत असतो, अर्लीन. खाली पडला की संपतं. पण तेवढा वेळ असतो."

अर्लीनने कॉफीचे पेले ओळीत मांडले.

"मी दर गुरुवारी भांडते ना, एकच सामना द्या म्हणून. तुम्हाला वाटतं गॅरेटसाठी." व्हेल्माने ट्रेवर फडकं परत घातलं, चारही कोपरे नीट खोचले. "गॅरेटचं मी विचारलंच नाही कधी. त्याला काय हवंय ते."

*

गॅरेटला त्या वेळी बर्फ हवा होता. तो आणि टकर हॉलच्या मागे लॅडच्या गाडीच्या मागच्या उघड्या फळीवर बसून बर्फाची पिशवी आपटत होते. आत पोल्काची तबकडी लागली होती, आणि कुणाच्या तरी आजोबांना नाचायला भिडू मिळत नसल्यामुळे ते खुर्ची घेऊन नाचत होते.

"आज सरावात जवळ गेलो होतो," टकर म्हणाला. "पाहिलंस?"

"नाही."

"बघायला पाहिजे होतंस. बॉल पडला तेव्हा मला आवाज ऐकू आला. आधी आवाजही यायचा नाही."

"चांगलं आहे."

"उद्या पोचतो की नाही बघ."

गॅरेटने पिशवी पुन्हा आपटली. तो सतरा वर्षांचा होता, खांद्याने दार अडेल एवढा. दिवसभर त्याला लोक पाठीवर थोपटायचे. त्याची पाठ हल्ली दुखायची.

"टकर, तू नको ना तिथे पळूस."

"मग कुठे पळू? मामा... म्हणजे बाबांनी सांगितलंय." टकर गॅरेटबरोबर असला की बापालाही मामा म्हणून जायचा. लहानपणापासूनची खोड.

"मी ठरवून तिकडे फेकत नाही. दुसरीकडे फेकायचं ठरवतो. हात मागे जाईपर्यंत ठरलेलं असतं. मग हात सुटतो आणि तिकडेच जातो."

"मला माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे. माझे डोळे तपासून झाले, बूट घालून झाले. कोपराला पवित्र पाणी लावलं. कुणीतरी एकदा म्हणा की बाबा, थांब. मी स्वतःहून कसा थांबू? मी थांबलो तर तिकडे परत कुणीच काही टाकणार नाही."

टकरने बर्फाचा खडा तोंडात टाकला आणि तो विरघळेपर्यंत विचार केला.

"आणि मी पोचलो असतो तर?" त्याने विचारलं. "पकडला असता तर?"

"तर तिथे तू असतास."

"हो."

"हो."

"ते वाईट झालं असतं का?"

गॅरेट फळीवरून खाली उतरला. टकरने पिशवीचं एक टोक धरलं, त्याने दुसरं, आणि दोघं बर्फ घेऊन आत निघाले. दारात व्हेल्मा उभी होती, हातात कॉफीचा रिकामा पेला. ती किती वेळ उभी होती हे दोघांनीही विचारलं नाही.

"आई, बर्फ," गॅरेट म्हणाला.

"दिसतोय," ती म्हणाली आणि बाजूला झाली. तो जवळून जाताना तिने हात पुढे केला, पण पाठीवर थोपटलं नाही. नुसता त्याच्या कोपरावर ठेवला आणि काढला.

*

"मत घेऊ," एमिल म्हणाले.

ओर्साकांकडे मत तोंडी देत नाहीत. तोंडी दिलं की पुढच्या तीन पिढ्या त्यावर बोलतात. सगळ्या सोंगट्या मधे उताण्या करायच्या, ज्याने त्याने एक निवडायची आणि पालथी सरकवायची. जसं आहे तसं राहू द्यायचं असेल तर ठिपक्यांची. बदलायचं असेल तर जिच्यात कोरं घर आहे ती. याच पद्धतीने चर्चचं छप्पर बदललं होतं आणि एमिलच्या भावाला दुसऱ्या लग्नाची परवानगी नाकारली होती.

"आधी एक विचारू, बाबा?" लॅड म्हणाला.

"विचार."

"मैदानाचं गवत तुम्ही कापता. उजव्या कडेला तो तेवढा तुकडा का सोडता?"

"वारूळ आहे. लाल मुंग्यांचं."

"एप्रिलपासून?"

"लाल मुंग्या चिवट असतात."

"पंचांनी मागच्या महिन्यात विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं त्यांना. मग मी गेलो तिथे, संध्याकाळी. बूट काढले, मोजे काढले आणि उभा राहिलो."  "बराच वेळ उभा राहिलो, बाबा. एक मुंगी चावली नाही. मी वाट बघत होतो की चावेल."

एमिलनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि तो पुन्हा खिशात ठेवला, चष्मा. मग रुमालच चष्मा समजून डोळ्यांकडे नेला, आणि तो चष्मा नाही हे कळल्यावर तसाच धरून ठेवला.

"गवत वाढलं की तो तिथून वळतोय असं दिसतं," ते म्हणाले. "वाऱ्याने."

"कोल्बी," लॅड म्हणाला.

नुसतं नाव. त्यापुढे वाक्य नव्हतं. अर्लीनने टेबलाखाली त्याचा हात धरला. डॉमिनोच्या नियमांत हे सर्वांत वाईट. याहून लहान खाणाखुणांसाठी एमिलनी जावयाला घराबाहेर बसवलं होतं. त्यांनी पाहिलं, आणि दुसरीकडे पाहिलं.

सोंगट्या सरकल्या. चार, पालथ्या.

एमिलनी एकेक उलटली. लॅडची: कोरं घर आणि तीन. अर्लीनची: कोरं घर आणि एक. स्वतःची त्यांनी सर्वांत हळू उलटली: कोरं घर आणि सहा. मग व्हेल्माची.

तिची दोन्ही घरं कोरी होती. अशी सोंगटी एका संचात एकच असते.

"ताई," अर्लीन म्हणाली.

"टकरला फेकू दे," व्हेल्मा म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता, किराणा सांगावा तसा. "आणि गॅरेटला तिकडे पाठव. उजव्या कडेला. त्याला पळू दे तिथे."

"व्हेल्मा, टकरचा बॉल तिथवर पोचणार नाही," एमिल म्हणाले.

"माहीत आहे मला."

"मग फायदा काय?"

"बाबा, त्या पोराने पाच महिने तिथे लांबून बॉल टाकला. एकदा स्वतः जाऊन येऊ दे."

एमिल बराच वेळ त्या कोऱ्या सोंगटीकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावरच्या सगळ्या सोंगट्या उलट्या केल्या आणि गोल गोल पिसायला सुरुवात केली.

"मत वगैरे काही झालेलं नाही," ते म्हणाले. "आपण खेळत होतो. तीस म्हणालो होतो मी."

"तीस," व्हेल्मा म्हणाली.

"पास," लॅड म्हणाला.

*

शुक्रवारी टकरने बॉल फेकला. तो अपेक्षेप्रमाणे मैदानाच्या मधोमध, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या अंतरावर, पडला. गॅरेटने तो पाहिलाही नाही. तो उजव्या कडेने गेला, भाऊ वळायचा तिथे वळला आणि उंच गवतात थांबला.

बाकीचे पाच जण पुढच्या डावासाठी येऊन उभे राहिले. गॅरेट आला नाही. पाचांपैकी कुणी हाक मारली नाही. समोरच्या संघातल्या एका मुलाने, मागच्या आठवड्यातल्या नव्हे, वेगळ्याच, आदराने गुडघा टेकला. मग त्याच्या शेजारच्याने. घड्याळ चालू होतं. लॅडकडे घड्याळ थांबवायचे तिन्ही टाइमआउट शिल्लक होते. त्याने एकही मागितला नाही, कारण टाइमआउट मागितला असता तर गॅरेटला बाकाजवळ यावं लागलं असतं. व्हेल्मा या वेळी आपल्या बाजूला बसली होती. ती वर बघत नव्हती. ती त्या कडेकडे बघत होती, आणि तिथे खरोखर एक मुलगा होता.

पंचांनी दंडाचं पिवळं फडकं टाकलं. पाच यार्ड.

शनिवारी एमिल ओर्साकांनी शाळेच्या मंडळाच्या कागदावर, स्वतःच्या हाताने, राज्य संघटनेला लिहिलं:

"महोदय, काल आमच्या मैदानावर वेळ वाया घालवल्याबद्दल आमच्या संघास पाच यार्डांचा दंड करण्यात आला. पंचांविषयी आमची तक्रार नाही. त्यांनी बराच वेळ फडकं हातात धरून ठेवलं होतं, हे आम्ही पाहिलं. सदर जागी लाल मुंग्यांचे वारूळ असल्याचे आम्ही पूर्वी कळवले होते. ते तेथे नाही. गवत मात्र कापले जाणार नाही, याची नोंद घ्यावी. आमचा खेळाडू सदर जागी उभा असताना गेलेला वेळ हा वाया गेलेला वेळ समजण्यात येऊ नये, दंड मागे घेण्यात यावा, आणि यापुढे सदर जागी आमचा खेळाडू असेल तोवर सामन्याचे घड्याळ थांबवून ठेवण्यात यावे, मग तो पंचांना दिसत असो वा नसो, ही नम्र विनंती. कळावे."